वाघोबाशी झालेला करार: बोरिवलीच्या जंगलाचं प्रकरण

शहराच्या पोटात रूप बदलणारी एक जमात राहते. तिच्या आसपास पुढचं दिसणारे द्रष्टे असतात. आणि या दोघांच्या शेजारी, जीव मुठीत धरून का होईना, साधी माणसं नळाला पाणी आलं का बघत, लोकल पकडत, पोरांना शाळेत सोडत राहतात. अर्बन फॅन्टसी म्हणून इंग्रजीत ज्या मालिका निघतात, त्यांचा हा ठरलेला संसार. मी त्या वर्षानुवर्षं वाचत आलेय आणि आता मराठीत तशी एक लिहायला घेतली आहे.

या मालिकांमध्ये एक गोष्ट हमखास असते, ती म्हणजे करार. लांडग्याचं रूप घेणारे ओढ्याच्या पलीकडे, माणसं अलीकडे. अमुक रस्त्यापुढे माणसाचा कायदा चालायचा नाही. मालिका सुरू होते ती बहुतेक वेळा तो करार मोडल्यावर. लिहायला बसल्यावर माझं घोडं नेमकं तिथे अडलं. करारातली कलमं लिहिणं सोपं होतं, पण तो टिकतो कशावर, हे काही केल्या उमगेना. धाकावर टिकतो म्हणावं, तर धाक दोन दिवसांत ओसरतो. कायद्यावर म्हणावं, तर अर्ध्या पात्रांना कायदा म्हणजे काय तेच ठाऊक नसतं. चार-पाच खर्डे फाडल्यावर मी ठरवलं, की आधी एखादं खरं प्रकरण मुळापासून समजून घ्यायचं.

ते प्रकरण मला घरापासून तासाभरावर सापडलं: संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, त्याला लागून असलेली आरे वसाहत, तिथले बिबटे, वारली पाडे आणि भोवतालचं उपनगर. रूप बदलणारा त्यात आहे, द्रष्टे आहेत, मोडलेला करारही आहे. पण इथे मेलेली माणसं खरी आहेत, त्यात लहान मुलं बरीच आहेत. ते विसरून यातून नुसती गोष्ट काढावी, असं मला वाटत नाही.

सूर्य, चंद्र आणि खाली वाघ

पालघर, ठाणे आणि मुंबई उपनगर या पट्ट्यातल्या वारली पाड्यांवर वाघोबाची, म्हणजे वाघ-बिबट्याच्या देवाची, ठाणी आहेत. देऊळ म्हणावं असं बांधकाम बऱ्याच ठिकाणी नसतं. झाडाखाली, पाड्याच्या वेशीवर किंवा जंगलात शिरणाऱ्या वाटेवर दगडाची नाहीतर लाकडाची फळी उभी असते. तिच्यावर इतक्या वर्षांचा शेंदूर बसलेला असतो, की कोरीवकाम बोटांनी चाचपून ओळखावं लागतं. वर सूर्य आणि चंद्र, त्यांच्या खाली वाघ. कुठे जोडीला नाग. रम्या नायर आणि त्यांच्या सहकारी वन्यजीव अभ्यासकांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशी दीडशेहून अधिक ठाणी नोंदवली आहेत.

या सूर्य-चंद्रांपाशी मी बराच वेळ घुटमळले. आपल्याकडच्या वीरगळांवर आणि गधेगाळांवर (दान मोडणाऱ्याला शाप देणाऱ्या शिळांवर) हीच जोडी असते. जुन्या दानपत्रांमध्येही ती येते, आणि तिचा अर्थ पक्का आहे: सूर्य-चंद्र आहेत तोवर हे टिकेल. वाघोबाच्या फळीवर ती जोडी कोरणाऱ्याच्या मनात नेमकं काय होतं, ते मी सांगू शकत नाही. पण ती फळी मला मूर्तीपेक्षा दस्तऐवजासारखी दिसते. कोणातरी दोघांमध्ये काहीतरी ठरलं, आणि त्याला साक्षीदार ठेवले.

काय ठरलं, ते कथेत आहे. पाड्यागणिक ती थोडी बदलते, पण तिचा कणा असा: एका बाईला लग्नाआधी दिवस जातात. तिला मुलगा होतो. तो मुलगा रूप बदलणारा असतो. आई शेतावर कामाला गेली, की इकडे तो वाघ होतो आणि गावाच्या गुराढोरांवर पडतो. गाव चिडतं, जाब विचारायला आईकडे येतं. मग तोडगा निघतो. मुलाने गाव सोडून जंगलात राहायचं. गावाने त्याचं ठाणं बांधायचं, वर्षातून एकदा त्याची आठवण ठेवायची, कोंबडं-बकरं द्यायचं. ती आठवण म्हणजे वाघबारस. दिवाळीच्या तोंडावर अश्विन वद्य द्वादशीला, ज्या दिवशी आपण गाय-वासराची वसुबारस करतो, त्याच दिवशी डोंगरातल्या कित्येक पाड्यांवर वाघाची पूजा होते. एका तिथीला एकीकडे गाय, दुसरीकडे तिला खाणारा. हे लक्षात आलं त्या दिवशी मी दुसरं काही लिहूच शकले नाही.

जगात वाघ-माणसाच्या गोष्टी भरपूर आहेत. नागालँडच्या डोंगरांत आहेत, इंडोनेशियात आहेत. त्यातल्या बऱ्याच गोष्टींमध्ये रूप बदलणारा माणूस हा शाप असतो, चेटूक असतो, ओळखून मारायचा शत्रू असतो. वारली कथेत तो गावातलंच पोर आहे. त्याच्या वतीने बोलणी होतात, आणि बोलण्यांच्या मध्यभागी त्याची आई असते. गाव हे त्याचं आजोळच म्हणायचं. तो दारापाशी आला तर माणूस दचकतो, पण ‘हा कुठून उपटला’ असं म्हणत नाही. माझ्या खर्ड्यांमध्ये दोन्ही बाजू एकमेकींना परक्या होत्या. गाडी रुतली होती ती तिथे, हे मला या कथेपाशी कळलं.

आपल्याकडे म्हण आहे, वाघ म्हटलं तरी खातो आणि वाघोबा म्हटलं तरी खातो. शहरातली माणसं ती वारल्यांना ऐकवतात, जणू त्यांना ते ठाऊक नाही. पाड्यावरच्या माणसाची शेळी दरवर्षी जाते. त्याच्याइतकं ते कोणाला ठाऊक असणार? वाघ खाणार नाही, असं करारात म्हटलेलंच नाही. तो खाणार, हे धरूनच पुढची बोलणी झाली आहेत.

भगताचं काम इथे येतं. भगत म्हणजे नुसता पुजारी नव्हे. तो दाणे बघतो, त्याच्या अंगात वारं येतं, तो देवाशी बोलतो आणि देवाचं पाड्याला सांगतो. बिबट्या वरचेवर गुरं नेऊ लागला, की भगताला विचारतात, काय चुकलं? पूजा राहिली का, नवस विसरला का? आधी आपल्या बाजूचा हिशेब तपासायचा, मग वाघाकडे बोट दाखवायचं. द्रष्टा म्हटलं, की मला आजवर भविष्य सांगणारा डोळ्यांपुढे यायचा. हा द्रष्टा मागचं बघतो: आपण शब्द कुठे मोडला ते.

पिंजरा

उद्यान साधारण १०४ चौरस किलोमीटरचं. पश्चिमेला बोरिवली, पूर्वेला मुलुंड-भांडुप, उत्तरेला येऊर आणि घोडबंदरची बाजू, दक्षिणेला आरे. आत तुळशी आणि विहार हे तलाव, कान्हेरीची लेणी, आणि उद्यानाच्या कितीतरी आधीपासूनचे पाडे. भोवती एक कोटीच्या वर माणसं. भिंतीच्या एका बाजूला जंगल, दुसऱ्या बाजूला सोसायटीची पार्किंग, असं इथे अक्षरशः आहे. कचरा तिथे कुत्री, कुत्री तिथे बिबट्या, हे साधं गणितही इथलंच.

मुंबईत काय बिघडलं ते समजायला आधी पुणे जिल्ह्यातल्या जुन्नरला जावं लागतं. जुन्नरच्या उसात बिबटे राहतात, पिल्लं घालतात, माणसांच्या वस्तीलगत रात्री फिरतात. तिथे माणसांवर हल्ले व्हायचे, पण १९९३ ते २००१ या काळात वर्षाला सरासरी चार. २००१ मध्ये बिबटे पकडण्याची मोठी मोहीम सुरू झाली. हेतू चांगला होता. बिबट्या मारायचा नाही, पिंजऱ्यात घ्यायचा, दूरच्या जंगलात नेऊन सोडायचा, म्हणजे त्याचंही भलं आणि लोकांचंही. एकोणतीस बिबटे पकडल्या जागेपासून सरासरी चाळीसेक किलोमीटरवर सोडले गेले. त्यानंतर हल्ले वर्षाला सरासरी सतरावर गेले. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे आकडे पुढे शोधनिबंधात मांडले.

असं का झालं असेल? बिबट्याला त्याचा मुलूख पाठ असतो. कोणत्या बांधावरून गेलं तर कुत्रं भुंकत नाही, कोणत्या वस्तीवर रात्री दहानंतर सामसूम होते, कोणती वाट माणसांची आणि कोणती आपली, सगळं त्याला ठाऊक असतं. माणसाला टाळायचं कसं हे तो त्या जागेपुरतं शिकलेला असतो. त्याला पकडताना लोखंडावर डोकं आपटून तो रक्तबंबाळ होतो, दात मोडतात, भोवती शेकडो माणसं ओरडत असतात. मग त्याला अनोळखी रानात सोडलं जातं. त्या रानात आधीच दुसरे बिबटे असतात, ते त्याला टिकू देत नाहीत. तो घराच्या दिशेने निघतो, आणि वाटेत अनोळखी गावं लागतात. इकडे त्याच्या रिकाम्या झालेल्या मुलखात दुसरा एखादा येतो. तोही नवा. म्हणजे एका बिबट्याला हलवलं, की दोन ठिकाणी परका तयार होतो.

मुंबईत हीच पद्धत चालू होती. इमारतीच्या आवारात, वस्तीच्या कडेला बिबट्या दिसला, की फोन जायचा, पिंजरा लागायचा, आणि उद्यानाबाहेर पकडलेले बिबटे उद्यानात सोडले जायचे. फोन करणाऱ्यांना मी दोष देऊ धजत नाही. अंधारात चार पायांचं काहीतरी भिंतीवरून उतरताना दिसलं, तर मीही तेच केलं असतं. पण २००२ पासून हल्ले वाढत गेले. २००४ सालच्या एकट्या जून महिन्यात बिबट्यांनी मारलेल्या माणसांचा आकडा दहाच्या घरात गेला.

मेले ते कोण? जंगलाच्या कडेला झोपड्यांमध्ये राहणारे, घरात संडास नसल्यामुळे अंधारात झुडपांकडे जाणारे, आणि त्यांची मुलं. उकिडवं बसलेलं लहान मूल बिबट्याच्या डोळ्यांना माणूस दिसत नाही, त्याच्या नेहमीच्या सावजाएवढंच दिसतं. गच्चीवरून फोन करणारा एकीकडे, आणि त्या फोनची किंमत भरणारा दुसरीकडे. या प्रकरणातला हा भाग लिहिताना मला अजूनही राग येतो.

त्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात जे उपाय झाले त्यातला एक मी कधीच विसरणार नाही. बिबट्यांना जंगलात खायला मिळावं म्हणून उद्यानात डुकरं आणि ससे सोडले गेले. लोकांनी त्याची टर उडवली. मला मात्र ते वाचताना वाघबारशीचं कोंबडं आठवलं. घाबरलेल्या शहराने नकळत तेच केलं होतं: घे, पण आम्हाला सोड. फरक इतकाच, की पाड्यावर ते देताना कोणाला देतोय हे देणाऱ्याला माहीत असतं. इथे वर्षभर पकडून-सोडून शहराने आपले शेजारीच बदलून टाकले होते. ओळखीचा कोण उरला होता घ्यायला?

माझ्या मते या प्रकरणाचं मर्म हेच आहे. करार कलमांवर चालत नव्हता, ओळखीवर चालत होता. ठरावीक माणसं, ठरावीक बिबटे, ठरावीक वाटा, आणि पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांना चुकवण्याची दोघांची सवय. पिंजऱ्याने ती ओळख पुसली. अर्थात हल्ल्यांना हे एकच कारण नव्हतं. कडेला वाढलेली वस्ती, उघड्यावरचा कचरा, संडासांचा अभाव, सगळंच एकत्र आलं. पण पकडलेले बिबटे पुन्हा सोडणं थांबलं आणि त्यानंतरच्या वर्षांत हल्ले झपाट्याने उतरले, ही गोष्ट बाजूला सारता येत नाही.

आजोबा

इथे एका बिबट्याबद्दल सविस्तर लिहायलाच हवं.

२००९ मध्ये अहमदनगर जिल्ह्यातल्या टाकळी ढोकेश्वरजवळ एक नर बिबट्या विहिरीत पडला. त्याला बाहेर काढलं, वय झालेलं दिसत होतं म्हणून अभ्यासकांनी त्याला ‘आजोबा’ म्हणायला सुरुवात केली. गळ्यात जीपीएसचा पट्टा बांधला आणि माळशेज घाटाच्या परिसरात सोडलं. मग तो चालू लागला, तो थेट मुंबईच्या दिशेने. महिन्याभराच्या आत त्याने सव्वाशेच्या आसपास किलोमीटर अंतर कापलं. वाटेत कसाऱ्याचं रेल्वे स्टेशन लागलं, मुंबई-आग्रा महामार्ग लागला, वसईकडचे कारखाने लागले. खाडी लागली, तीही त्याने पार केली आणि नागला बाजूने तो या उद्यानाच्या रानात पोचला.

या सगळ्या वाटेवर त्याने एकाही माणसाला इजा केली नाही. त्याला कोणी नीट पाहिलंसुद्धा नाही. पट्टा नसता तर हा प्रवास झाला, हेच कोणाला कळलं नसतं. दिवसा तो कुठल्यातरी झुडपात, ओढ्याच्या घळीत पडून असायचा, आणि अंधार पडला की माणसांच्या मधून वाट काढायचा.

रूप बदलणारा म्हणजे काय, याचा अर्थ मला आजोबाने शिकवला. कातडं पालटण्याची गरज नाही. लाखो माणसांच्या मधून जाताना कोणालाही न दिसणं, हेच त्याचं दुसरं रूप. माझ्या मालिकेतला मुख्य नर आधी चंद्रप्रकाशात हाडं मोडत-जोडत रूप पालटायचा. तो सगळा भाग मी काढून टाकला. आता तो कसाऱ्याच्या प्लॅटफॉर्मच्या टोकाला, मालगाडी जाईपर्यंत रुळांलगत बसून राहतो आणि मग ओलांडतो. एवढंच.

कोणी म्हणेल, आजोबालाही दूर नेऊन सोडलं होतंच, मग त्याने हल्ला का नाही केला? प्रश्न रास्त आहे. हलवलेला प्रत्येक बिबट्या माणसावर जातो, असं कोणीच म्हणत नाही. हलवल्याने धोका वाढतो, एवढंच जुन्नरचे आकडे सांगतात. कोणता जाईल आणि कोणता आजोबा निघेल, हे पिंजऱ्याचं दार उघडताना कोणालाच दिसत नाही. तिथे द्रष्टा हवा होता आणि तो नव्हता.

२०११ च्या अखेरीस रस्ता ओलांडताना वाहनाची धडक बसून आजोबा मेला. कातडीखाली बसवलेल्या चिपमुळे तो ओळखू आला.

नवे भगत

त्याच वर्षी, २०११ मध्ये, उद्यानाचे तेव्हाचे संचालक सुनील लिमये आणि विद्या अत्रेय यांच्या पुढाकाराने ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ (एसजीएनपी म्हणजे संजय गांधी नॅशनल पार्क) हा उपक्रम सुरू झाला. वन खातं, अभ्यासक, विद्यार्थी, स्वयंसेवक एकत्र आले. बिबटे किती, कुठे, काय खातात, पाड्यांवरची माणसं त्यांच्याबद्दल काय म्हणतात, याची नोंद सुरू झाली. ते पत्रकारांशी बोलले, पोलिसांशी बोलले, सोसायट्यांमध्ये जाऊन बसले. ‘नरभक्षकाचा धुमाकूळ’ असे मथळे येत होते, तिथे हळूहळू ‘बिबट्या दिसला तर काय करावं’ अशी चौकट येऊ लागली. मला हा बदल पिंजऱ्यांच्या संख्येपेक्षा मोठा वाटतो.

मग कॅमेरे आले. झाडाला कमरेच्या खालच्या उंचीवर बांधलेली एक डबी. समोरून काही गेलं, की फोटो. वाटेच्या दोन्ही अंगांना एकेक लावतात, कारण बिबट्याच्या उजव्या आणि डाव्या कुशीवरचे ठिपके वेगळे असतात, आणि ओळख पटायला दोन्ही लागतात. माणसाच्या अंगठ्यासारखे ते ठिपके प्रत्येकाचे निराळे. मी असे दोन फोटो शेजारी ठेवून बघायचा प्रयत्न केला आहे. आधी सगळे सारखेच दिसतात. मग खांद्यामागे एक तुटलेलं कडं दिसतं, मांडीवर तीन ठिपक्यांचा त्रिकोण दिसतो, आणि एकदम तो ‘एक बिबट्या’ न राहता ‘हा बिबट्या’ होतो. त्यानंतर तुम्हाला तो कुठल्याही फोटोत ओळखू येतो.

२०१५ मध्ये निकित सुर्वे यांच्या अभ्यासात उद्यान, आरे आणि आसपासच्या भागात ३५ बिबटे ओळखले गेले. २०१८ मध्ये ४७, आणि २०२४ मध्ये ५४. त्यांच्या आहारात कुत्र्यांचा वाटा मोठा आहे. इथले बिबटे वर्षाला सुमारे दीड हजार भटकी कुत्री खात असावेत, आणि त्यामुळे कुत्री चावण्याचे आणि रेबीजचे प्रकार घटत असावेत, असा अंदाज २०१८ मध्ये अभ्यासकांनी मांडला. अंदाजच आहे तो. पण करारात वाघाच्या बाजूनेही काही येतं का, या प्रश्नाला मिळालेलं ते उत्तर आहे.

हे सगळे माझ्या लेखी नवे भगत आहेत. अंधारात काय फिरतं ते यांना दिसतं, आणि त्यांना जे दिसतं त्यातून निघणारा सल्ला अगदी साधा असतो. कचरा उचला. पाड्यावर दिवे लावा. संडास बांधा. संध्याकाळनंतर मुलांना एकटं सोडू नका. अंधारात जाताना बोलत जा, मोबाईलवर गाणं लावा, म्हणजे त्याला कळेल तुम्ही येताय. दिसला तर घेरू नका, वाट द्या. आणि नुसता दिसला म्हणून पिंजरा मागू नका. जुना भगत विचारायचा, आपलं काय चुकलं? नवे भगतही तेच विचारतात. शहराला ते ऐकायला आवडत नाही. पाड्याला सवय आहे.

आरे

इथे थांबले असते तर प्रकरण गोड झालं असतं, पण ते खोटं झालं असतं.

आरे वसाहत १९४९ मध्ये दुधासाठी वसवली. म्हशींचे तबेले, युनिट नंबर, आणि त्यांच्या मधून सत्तावीस आदिवासी पाडे. वसाहत होण्याच्या आधीपासून माणसं तिथे आहेत. त्यांच्यात वारली आहेत, आणि वाघदेवाचं देऊळही आहे. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी रात्रीच सुरुवात करून तिथली दोन हजारांवर झाडं तोडली गेली, तेव्हा हे नाव देशभर पोचलं. पण त्याआधी आणि नंतरही पाड्यांची रोजची लढाई दिव्यांसाठी आणि संडासांसाठीच होती.

२०१७ मध्ये या भागात हल्ले झाले. २०२१ च्या पावसाळ्याच्या शेवटी पुन्हा झाले, एकामागोमाग. त्यातला एक सीसीटीव्हीत सापडला आणि घराघरात पोचला. एक बाई हातातली काठी टेकत येते, घराच्या कडेला टेकते. मागून बिबट्या येतो. ती खाली पडते, पण काठी सोडत नाही. काठीने त्याला ढकलत, मारत राहते, आणि तो निघून जातो. मी ते चित्रण खूपदा पाहिलं आणि मग पाहणं बंद केलं, कारण लोक ते करमणूक म्हणून फिरवत होते. त्या काठीत मला सगळा करार दिसला: भीती, हिंमत आणि शेजार, तिन्ही एका हाताच्या अंतरावर.

२०२२ मध्ये ऐन दिवाळीच्या दिवशी पहाटे एक तान्ही म्हणावी अशी मुलगी गेली. दीड वर्षाचीसुद्धा नव्हती. तीनच दिवसांपूर्वी वाघबारस झाली होती.

यावर काय लिहायचं? वाघोबाच्या कथेत गुरं जातात, शेळ्या जातात. मूल गेल्यावर आईने काय करायचं, ते ती कथा सांगत नाही. माणसांवर पुन्हा पुन्हा येणारा बिबट्या पकडायलाच हवा, आणि तो परत सोडता येत नाही. इथे पिंजऱ्याच्या विरोधात मी एक शब्द बोलणार नाही. २०२१ आणि २०२२, दोन्ही वेळा पिंजरे लागले, बिबटे पकडले गेले. माझा आक्षेप कोणताही बिबट्या उचलून कुठेही सोडण्याला आहे. नेमका कोणता, हे ठरवायला ठिपके ओळखणारे डोळे लागतात, आणि ते आता आहेत. २००४ मध्ये ते नव्हते. एवढा फरक पडला आहे, आणि तो त्या मुलीसाठी पुरेसा नव्हता, हेही तितकंच खरं.

माझ्या मालिकेच्या कराराचा कागद मी फेकून दिला आहे. आता तिथे कलमं नाहीत. एक आई आहे, जिला तिच्या मुलाच्या वतीने बोलावं लागतं. एक भगत आहे, जो आपल्याच माणसांना जाब विचारतो. एक मुलगी आहे, जी दिवसभर ठिपके जुळवते. आणि एक नवी इमारत आहे, जिच्यात राहायला आलेल्यांना खाली काय ठरलंय ते कोणी सांगितलेलं नाही.

मागच्या हिवाळ्यात ओळखीच्या एका मावशींबरोबर मी संध्याकाळी पाड्यावर चालत गेले. रस्त्यावरचे दिवे एक सोडून एक लागलेले. मावशींच्या एका हातात विजेरी, दुसऱ्या हातात मोबाईल, आणि त्यावर जोरात लावलेलं लग्नातलं गाणं. वाट वळते तिथे झाडाखाली फळी आहे. मावशी थांबल्या. गाण्याचा आवाज कमी केला, विजेरी काखेत धरली, हात जोडले. मग आवाज पुन्हा वाढवला आणि पुढे निघाल्या.